अकरा पानांची बॅकस्टोरी आणि सोडून दिलेला दरोडेखोर

ताई,

मी मूळचा कुडाळचा, नोकरीसाठी पुण्यात. आम्ही पाच जण एक शनिवार आड कोथरूडला एका मित्राकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ खेळतो, २०१४ ची नियमांची पुस्तकं घेऊन. माझं पात्र पॅलाडिन आहे, शपथेने बांधलेला योद्धा, नाव रुद्रसेन. खेळ सुरू व्हायच्या आधी मी त्याची अकरा पानांची बॅकस्टोरी, म्हणजे आधीचा भूतकाळ, लिहिली. दरोडेखोरांनी गाव जाळलं, घरचे सगळे गेले, हा विहिरीमागे लपून वाचला, आता म्होरक्याचा सूड घ्यायचा. लेव्हल तीनला ओथ ऑफ व्हेंजन्स (सूडाची शपथ), सहापर्यंत पॅलाडिन, पुढे हेक्सब्लेड वॉरलॉक (करारातून जादू मिळवणारा). वीस लेव्हलची एक्सेल शीट तयार आहे.

मागच्या सेशनला म्होरक्या हातात सापडला. गुडघ्यांवर होता. मी तलवार उचलली, तर डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्होरक्याच्या आवाजात म्हणाला, "विहिरीमागचं पोर तूच ना? मी पाहिलं होतं तुला तेव्हा." मला काही सुचेना. मी तलवार खाली केली आणि "जा" म्हटलं. का, ते मलाही माहीत नाही. टेबलावर सगळे एकदम खूश! माझा मात्र सगळा प्लॅन कोसळला.

आमच्यातला बार्ड (गाण्यातून जादू करणारा) खेळणारा मित्र आधी काहीच ठरवत नाही. जे तोंडाला येईल ते बोलतो आणि भाव खाऊन जातो. मला म्हणतो, "तू खेळत नाहीस, वाचून दाखवतोस." पण मला पटकन सुचत नाही म्हणून तर मी लिहून ठेवतो! (त्याला स्वतःच्या कॅरेक्टरच्या बहिणीचं नावसुद्धा आठवत नाही, ती गोष्ट वेगळी.) पुढच्या शनिवारी लेव्हल तीन. प्लॅन पाळू की फेकून देऊ?

— अकरापानी

प्रिय अकरापानी,

शनिवार तोंडावर आलाय, म्हणून आधी हिशेबाचं बोलू. तुझी एक्सेल शीट कोसळलेली नाही. तिला ओरखडासुद्धा गेलेला नाही.

पत्रासोबत तू आकडे पाठवले आहेस ते पाहिले. पॉइंट बायचे, म्हणजे पात्राचे आकडे विकत घ्यायचे, २७ गुण तू स्ट्रेंग्थ १५, करिझ्मा १५, कॉन्स्टिट्यूशन १४, विज्डम १० आणि उरलेले दोन ८ असे लावलेस. पॅलाडिनमधून वॉरलॉककडे जायला स्ट्रेंग्थ १३ आणि करिझ्मा १३ लागतात, ते आहेत. ओथ कुठलीही घेतलीस तरी हेच आकडे उपयोगी पडतील. पाचव्या लेव्हलला दुसरा हल्ला मिळतो, सहाव्याला दहा फुटांतल्या सोबत्यांना प्रत्येक सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचायच्या फाशात) तुझ्या करिझ्माची भर पडते, म्हणजे सहानंतर फुटायचा बेत हुशारीचा आहे. एक गोष्ट मात्र शीटमध्ये दिसली नाही. आठव्या लेव्हलला जी अ‍ॅबिलिटी वाढते ती वर्गातल्या लेव्हलवर मोजतात, एकूण लेव्हलवर नाही. सहाला पॅलाडिन सोडलास, तर ती वाढ वॉरलॉकच्या चौथ्या लेव्हलला, म्हणजे तुझ्या एकूण दहाव्या लेव्हलला पदरात पडेल. चालत असेल तर चालू दे, पण आत्ता माहीत असू दे.

आता एवढ्या आकडेमोडीत म्होरक्या कुठे आला? कुठेच नाही. त्याला सोडलंस म्हणून तुझा एक गुणही वाया गेला नाही. तू दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शीटमध्ये भरून ठेवल्या आहेत: कॅरेक्टर काय करू शकतो, आणि त्याच्या आयुष्यात काय घडणार. पहिल्या गोष्टीचं नियोजन करावंच लागतं. दुसरीचं केलंस की डीएमने बिचाऱ्याने काय करायचं?

मी लावते ती कसोटी अगदी व्यवहारी आहे. जे नंतर बदलायला महाग पडतं तेवढंच आधी ठरवायचं. अ‍ॅबिलिटीचे आकडे महाग. एकदा लावले की पुन्हा नव्याने मांडता येत नाहीत. मल्टिक्लास, म्हणजे एका वर्गातून दुसऱ्यात जाणं, महाग, कारण त्याची अट पहिल्याच दिवशीच्या आकड्यांत असते. पॅलाडिनचे स्पेल मात्र फुकट. रोज सकाळी नवे निवडता येतात, त्यांची यादी वीस लेव्हलपर्यंत कशाला? आणि भूतकाळ? तो टेबलावर बोलून दाखवेपर्यंत सगळ्यात स्वस्त, बोलून दाखवला की सगळ्यात महाग. तुझ्या अकरा पानांतलं जे अजून कुणाच्या कानावर पडलेलं नाही ते अजून घडलेलंच नाही, असं धर. सहाव्या पानावर रुद्रसेनचा गुरू मेलाय असं तू लिहिलंयस. खेळताना हे कुणाला सांगितलंयस? नसेल सांगितलं, तर तो जिवंत आहे आणि डीएमला हवा तेव्हा दारात उभा राहू शकतो.

वीस लेव्हलच्या शीटची ही सवय तुझ्या डोक्यातून आलेली नाही, तिला इतिहास आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनचा मूळ खेळ आला तेव्हा तीन फासे टाकायचे, बेरीज पहिल्या रकान्यात लिहायची, पुन्हा टाकायचे, दुसऱ्या रकान्यात लिहायची. विझर्ड व्हायचं स्वप्न असलं आणि बुद्धीला ६ पडले, की अनुभवाचे गुण कमी मिळायचे आणि स्वप्न रखडायचं. शिवाय पहिल्या लेव्हलचा माणूस एका भाल्यात आडवा व्हायचा, मग त्याच्यासाठी अकरा पानं कोण लिहिणार? त्यानंतर २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि चक्र उलटं फिरलं. सगळ्या बाजूंच्या शत्रूंना एकदम मारायचा व्हर्लविंड अटॅक हवा असला, तर चपळता १३, बुद्धी १३, शिवाय डॉज, मोबिलिटी, स्प्रिंग अटॅक आणि आणखी एक फीट (खास कसब), असा जिना चढायला लागायचा. पहिल्या पायरीला चुकलास तर वर्षभराने कळायचं. त्या काळात पुढच्या लेव्हल कागदावर मांडून ठेवणं ही गरज होती. आज नेटवर दिसणारे 'बिल्ड', म्हणजे पात्रांचे तयार आराखडे, त्याच सवयीतून आलेत. पाचव्या आवृत्तीत, म्हणजे तुमच्या २०१४ च्या पुस्तकांत, जिने बरेचसे काढून टाकले, सवय राहिली. आणि खरं सांगू? मी पाहिलेली बहुतेक कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणाऱ्या कथा) दहाव्या लेव्हलच्या आतच आटोपली आहेत. कुणाची बदली होते, कुणाचं लग्न ठरतं. तुझी शीट दहापर्यंत ठेव, खालचं पुसून टाक.

आता विहिरीकडे येते. तुझ्या पत्रातली तीच जागा मी पुन्हा पुन्हा वाचली.

डीएमने ते वाक्य कुठून आणलं? तुझ्याच कागदातून. तू लिहिलं होतंस की पोरगा विहिरीमागे लपून वाचला. तू असं लिहिलं नव्हतंस की तो नशिबाने वाचला, की कुणी त्याला वाचू दिलं. ती फट तुझ्या नकळत राहून गेली आणि डीएमने नेमकी तीच पकडली. अकरा पानांतलं एक वाक्य त्या संध्याकाळी उपयोगी पडलं, तेही पुरं नसल्यामुळे. चौथ्या पानावर तू "म्होरक्याला पत्ताच लागला नाही" एवढं जरी लिहून ठेवलं असतंस, तरी डीएमचे हात बांधले गेले असते आणि तू ठरल्याप्रमाणे त्याचं डोकं उडवून पुढच्या रकान्यात गेला असतास.

म्हणून तुझा मित्र अर्धंच बरोबर बोलतोय. त्या क्षणी तू वाचून दाखवत नव्हतास, पण तो क्षण आला तो तुझ्या लिहिण्यामुळेच. त्याच्या बार्डच्या वाट्याला असा क्षण येणं अवघड आहे. ज्याच्यामागे काहीच नाही त्याला कुणी कशाची आठवण करून द्यायची? तो हशा मिळवेल, टाळ्या मिळवेल, पण टेबल एकदम गप्प होईल अशी वेळ त्याच्यावर आणायला डीएमकडे सामानच नाही.

मग अकरा पानांचं काय करायचं? फाडू नकोस, तुझ्यापाशी ठेव. डीएमला मात्र अर्धं पान दे. त्यात एक हयात माणूस हवाच हवा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर इतके अनाथ जमलेले असतात की विचारू नकोस. ना मामा, ना मावशी, ना उधारी वसूल करायला येणारा वाणी. मला कळतं असं का होतं. मेलेल्या नातेवाइकांना ओलीस धरता येत नाही, म्हणजे खेळाडूला तेवढीच निश्चिंती. पण मेलेले नातेवाईक दार ठोठावायलाही येत नाहीत. रुद्रसेनच्या गावातलं एक माणूस जिवंत ठेव. त्या रात्री नेमकी माहेरी गेलेली काकू असेल, नाहीतर दरोड्याच्या आदल्या दिवशी गाव सोडून गेलेला लोहार (आणि तो आदल्याच दिवशी का गेला, हे तू ठरवू नकोस). एक अपुरं राहिलेलं देणं लिही. रुद्रसेन जिथे परत जायला घाबरतो अशी एक जागा लिही. एवढं भरपूर झालं.

तुझं खरं दुखणं पत्राच्या शेवटी आहे: "मला पटकन सुचत नाही." त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्याच्यावर बॅकस्टोरी हा इलाजही नाही. डीएमने "काय करतोस?" विचारल्यावर रुद्रसेन नवव्या वर्षी कुठल्या मठात शिकला हे आठवून तुला उत्तर थोडंच सापडणार आहे! तयारी करायचीच असेल तर त्याच्या स्वभावाची कर. आपल्यापेक्षा मोठ्या माणसासमोर तो कसा बोलतो, नजर खाली घालून की डोळ्याला डोळा भिडवून? काही समजलं नाही तर कबूल करतो की रेटून नेतो? (बुद्धी ८ आहे तुझी, त्याला बऱ्याच गोष्टी समजणार नाहीत. हा फार मजेचा आकडा आहे, तो तू नुसता 'डंप', म्हणजे टाकाऊ, म्हणून सोडून दिलायस.) कुठली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना त्याला बघवतच नाही? याची उत्तरं तोंडपाठ असली की अचानक आलेल्या प्रसंगातही हात आपोआप कुठेतरी वळतो.

तू कुडाळचा आहेस, म्हणजे दशावतार रात्र रात्र जागून बघितला असशील. तिथे लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोण कुठल्या भूमिकेत, एवढं ठरतं. दुर्योधनाचा अहंकार नटाच्या अंगात भिनलेला असतो, शब्द मात्र समोरचा काय बोलला त्यावर तिथल्या तिथे येतात. म्हणून तर तीच कथा दुसऱ्या गावात वेगळी रंगते. तुझ्या शनिवारांशी हे एका ठिकाणी जुळत नाही. दशावतारात शेवट सगळ्यांना माहीत असतो, तुमच्या टेबलावर तो कुणालाच माहीत नसतो, डीएमलाही नाही. त्यामुळे तुला पात्र नटांइतकं घट्ट धरता येईल, कथानक नाही.

वेळ काढायच्या दोन युक्त्या सांगते, लगेच वापरता येतील. सुचलं नाही तर डीएमला उलट प्रश्न विचार. "खोलीत अजून कोण आहे?" "त्याचे हात दिसतात का मला?" तेवढ्यात तुला दहा-पंधरा सेकंद मिळतात आणि बहुतेक वेळा डीएमच्या उत्तरातच पुढची कृती असते. दुसरं, प्रत्येक वेळी रुद्रसेनच्या आवाजात बोलायची सक्ती नाही. "रुद्रसेन त्याला शांतपणे समजावतो, पण हात मुठीवरून काढत नाही," असं तिसऱ्या पुरुषात सांगितलंस तरी ते पूर्ण खेळणंच आहे. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिल्या आहेत. तुझा मित्र नाटकी आवाज काढतो म्हणून तो जास्त खेळतो असं काही नाही.

जमलं तर एखादा शनिवार मोकळा काढून डंजन क्रॉल क्लासिक्स या दुसऱ्या खेळातला 'फनेल' खेळून बघा. प्रत्येकाला तीन-चार शून्य लेव्हलचे गावकरी मिळतात, धंदा काय, हातात काय, सगळं फाशांवर. बहुतेक जण रात्र संपेपर्यंत मरतात. जो वाचतो त्यालाच क्लास मिळतो, आणि तोवर त्याची बॅकस्टोरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडून गेलेली असते. तुला पहिला तासभर घाम फुटेल. ब्लेड्स इन द डार्क या आणखी एका खेळातला फ्लॅशबॅकही मागून घ्यायला हरकत नाही. अडचणीत सापडलास की म्हणायचं, "मी काल रात्रीच पहारेकऱ्याला पैसे चारले होते," आणि त्याची किंमत तणावाच्या खुणांत मोजायची. भूतकाळ लागेल तेव्हा, लागेल तेवढाच. तुमच्या खेळात त्या खुणा नाहीत, किंमत काय घ्यायची ते डीएम ठरवेल.

आता ओथ. मला वाटतं तू मनातल्या मनात झानाथरच्या जोडपुस्तकातली ओथ ऑफ रिडेम्प्शन (उद्धाराची शपथ) उघडून बसला असशील. शत्रूला सोडलं, टेबल खूश झालं, म्हणजे रुद्रसेन आता क्षमाशील, असा सरळ हिशेब. माझं मत विचारशील तर घेऊ नकोस. तू स्वतःच लिहिलंयस की का सोडलं ते तुला माहीत नाही. एका न कळलेल्या क्षणावर तू लगेच नवी वीस लेव्हलची शीट रचशील, एवढंच होईल. शिवाय ती शपथ कडक आहे. हिंसा अगदी शेवटचा उपाय, आणि सातव्या लेव्हलपासून सोबत्याचा मार स्वतःच्या अंगावर घ्यायची सोय. असा पॅलाडिन बाळगायचा तर अख्ख्या पार्टीला आपली लढायची पद्धत बदलावी लागते. बार्डवाला मित्र बदलेल असं त्याच्या वर्णनावरून तरी वाटत नाही.

व्हेंजन्सच घे. त्या शपथेचं म्हणणं असं की किरकोळ शत्रूला दया दाखवशील एक वेळ, पण ज्याच्याविरुद्ध शपथ घेतलीस त्याला नाही. आणि रुद्रसेनने नेमकं त्यालाच सोडलंय, शपथ घ्यायच्या आधीच! सूड घ्यायला निघालेला आणि पहिल्याच संधीला हात थरथरलेला माणूस घेऊन पुढची पंधरा सेशन खेळणं मला तरी जास्त आवडेल. त्याच शपथेत लहान पाप आणि मोठं पाप समोर आलं तर मोठ्याच्या मागे लागावं असंही आहे. म्हणजे आता रुद्रसेनपुढे प्रश्न उभा राहतो की गाव जाळणारा मोठा, की त्याला पैसे देणारा कुणी होता? उत्तर तू शोधून ठेवायचं नाहीस. नियमांच्या दृष्टीने म्हणशील तर व्हाऊ ऑफ एनमिटी ही त्या शपथेची ताकद एका शत्रूवर मिनिटभर अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) देते, तुझ्या बिल्डला ते फिट बसतं. आणि पाच-सहा सेशननंतर वाटलंच की हा माणूस खरंच बदललाय, तर टाशाच्या २०२० च्या जोडपुस्तकात सबक्लास (म्हणजे तुझ्या बाबतीत ओथ) बदलायचा ऐच्छिक नियम आहे. तेव्हा बदल. तोपर्यंत कारणही टेबलावर घडलेलं असेल.

डीएमला शनिवारच्या आधी मेसेज टाक. लांब नको. "व्हेंजन्स घेतोय. म्होरक्याला सोडल्याचं रुद्रसेनला स्वतःलाच कोडं आहे, ते मध्येमध्ये उकरून काढ. सहानंतर वॉरलॉक होणार, पण हेक्सब्लेडची ती तलवार कुणाची आणि करार कुणाशी, ते तू ठरव, मला आधी सांगू नकोस." शेवटचं वाक्य लिहिताना तुझं बोट अडखळेल, पण पाठव.

राहता राहिला तुझा मित्र. ऐनवेळी सुचणं ही त्याची कमाई आहे, ती त्याच्याकडून हिसकावू नकोस. पण सुचलेलं विसरून जाणं म्हणजे ऐनवेळचं खेळणं नव्हे, तो नुसता आळस. जे टेबलावर बोललं गेलं ते पुढच्या वेळीही खरं धरायला हवं, नाहीतर डीएमने त्याच्यावर काही रचायचं कसं? तुम्हा दोघांचं जमेल असं मला दिसतंय. तुझ्या हाताला लिहायची सवय आहे, ती खेळाच्या आधी वापरण्यापेक्षा नंतर वापर. सेशन संपलं, चहा ठेवला, की दहा मिनिटांत कोण काय बोललं, कुणाला काय कबूल केलं, कुणाचं काय नाव पडलं, ते पार्टीच्या वहीत उतरव. पहिली नोंद त्याच्या बार्डच्या बहिणीची कर, आणि नाव त्याच्याकडूनच वदवून घे.

— ताई